चाळीसगावचा टांगा आणि नुकसानभरपाईचा कायदा

मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर चाळीसगाव हे धुळ्याच्या फाट्याचे स्थानक. गाडी आली की स्थानकाबाहेर टांगेवाल्यांची गर्दी उडावी, उतारूंनी भाडे ठरवावे आणि घटकाभरात सारा परिसर पुन्हा ओस पडावा, हा तेथला एके काळचा नित्यक्रम होता. १९२९ साली मात्र एक उतारू टांगे समोर उभे असूनही तासभर तिष्ठत राहिले. ते होते डॉक्टर भीमराव आंबेडकर. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचे सभासद म्हणून ते खानदेशात आले होते. धुळे मार्गावरील एका गावी पुकारलेल्या बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावी परतले होते आणि तेथील महारवाड्यातील मंडळींच्या आग्रहावरून त्या रात्री त्यांच्याकडे मुक्काम करावयाचा, असा बेत होता. महारवाडा स्थानकापासून सुमारे दोन मैल दूर, वाटेत नदी आणि नदीवर दगडी फरशी. फरशीला कठडा नव्हता. पाच-दहा फुटांच्या अंतराने बसविलेले दगड तेवढे कडेला होते.

तासाभराने टांगा आला. पाहुणे एकटेच आत बसले व यजमान मंडळी जवळच्या वाटेने पायी निघाली. दोनशे पावले जातात न जातात तोच टांगा एका मोटारीवर आदळावयाचा, परंतु पोलीस शिपायाने मोठ्याने ओरडून तो प्रसंग टाळला. पुढे रस्ता व फरशी यांचा काटकोन होतो तेथे घोडा पहिल्याच दगडापाशी बुजून उधळला. चाक दगडावर आदळले, पाहुणे उचलले जाऊन फरशीवर फेकले गेले आणि घोडा व टांगा खाली नदीत पडले. त्यांच्या पायाचे हाड मोडले, अन्यत्रही मार लागला आणि कित्येक दिवस त्यांना हिंडणे-फिरणे अशक्य झाले.

या फरशीवरून टांगे रोज जात-येत असत आणि कोणाला कधी इजा झाली नव्हती. मग आजच हे का घडले? चौकशी करता उलगडा झाला. अस्पृश्य मानलेल्या उतारूचा टांगा हाकणे कोणाही टांगेवाल्यास कमीपणाचे वाटत होते. पाहुण्यास पायी नेणे हे यजमानांस प्रशस्त वाटेना. शेवटी तडजोड निघाली ती अशी की, टांगेवाल्याने टांगा भाड्याने द्यावा, मात्र हाकणारा महारवाड्यातील मंडळींनीच पाहावा. त्यांच्यापैकी एकाने लगाम हाती घेतला. त्याने यापूर्वी टांगा हाकला नव्हता, आणि पाहुण्यास सुखरूप नेण्याच्या जबाबदारीने तो इतका बावरला की घोडा त्याच्या ताब्यात राहिला नाही.

ही हकीकत आंबेडकरांनी पुढे स्वतः इंग्रजीत लिहून ठेवली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने ते टिपण १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने प्रसिद्ध केले. त्यात दाव्याचा वा भरपाईचा विषय नाही. एका बॅरिस्टरपेक्षाही स्वतःस श्रेष्ठ समजण्याचा अधिकार टांगेवाल्यास जातीने कसा दिला, इकडे त्यांचे लक्ष होते. तथापि दुसऱ्याच्या हयगयीने इजा झाल्यास भरपाई कोणाकडे मागावयाची, हा कायद्याचा गुंता समजून घेण्यास चाळीसगावच्या या अपघाताइतके बोलके उदाहरण शोधूनही सापडणे कठीण. असा दावा उभा राहिला असता तर न्यायाधीशापुढे काय काय आले असते?

निष्काळजीपणाच्या दाव्यात वादीला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. प्रतिवादीवर काळजी घेण्याचे कर्तव्य होते, ते त्याने पाळले नाही आणि त्याच कसुरीमुळे इजा झाली. या अपघातानंतर तीनच वर्षांनी, १९३२ साली, इंग्लंडच्या सरदारसभेने स्कॉटलंडमधील एका खटल्यात या कर्तव्याची मर्यादा विशाल केली. पेस्ली गावच्या उपाहारगृहात एका बाईने प्यालेल्या बाटलीत कुजलेली गोगलगाय निघाली. बाटली विकत घेतली होती तिच्या मैत्रिणीने, म्हणजे बाईचा कारखानदाराशी करार असा काहीच नव्हता. तरीही, आपल्या कृतीची झळ ज्याला पोहोचेल हे सहज दिसण्यासारखे आहे तो कायद्याच्या दृष्टीने आपला शेजारीच होय, असे ठरले.

प्रथम हाकणाऱ्याचा विचार करू. जो लगाम हाती घेतो त्याच्या ठायी साधारण टांगेवाल्याइतके कसब असलेच पाहिजे, असे कायदा धरून चालतो. ‘मी नवखा होतो’ ही सबब चालत नाही. म्हणजे दावा पहिल्या झटक्यास लागू पडतो तो या गरीब, भल्या हेतूच्या माणसावर. त्याच्यावर हुकूमनामा मिळवून हाती काय पडणार, हे सांगावयास वकिलाची गरज नाही. शिवाय तो यजमानांपैकीच एक.

आता मालक. नोकराने कामावर असता केलेल्या हयगयीबद्दल धनी जबाबदार धरला जातो. परंतु येथे टांग्याचा धनी हात झटकून म्हणणार, ‘हाकणारा माझा नोकर नव्हता, तो त्यांनीच आणला.’ ज्या नकारामुळे अपघात ओढवला तोच नकार त्याच्या बचावाची ढाल व्हावा, यातील विपर्यास ध्यानात घेण्यासारखा आहे. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १५० सांगते की, भाड्याने दिलेल्या वस्तूतील दोषामुळे इजा झाल्यास, तो दोष मालकास ठाऊक असो वा नसो, तो जबाबदार राहतो. पण घोडा व टांगा निर्दोष होते. रोज तीच वाट बिनधोक चालत होते. वादीच्या वकिलास एकच मार्ग उरतो. सजीव, बुजरे जनावर कोणाच्या हाती देत आहोत, त्याला हाकता येते की नाही, एवढी साधी विचारपूसही मालकाने केली नाही, ही त्याची स्वतःची हयगय. हा युक्तिवाद दुबळा नाही, आणि मालकाच्या गाठीस निदान टांगा-घोडा तरी होता.

प्रतिवादीचा वकीलही गप्प बसला नसता. मोटारीशी टक्कर होता होता टळली तेव्हाच हाकणाऱ्याचे कसब उतारूच्या ध्यानात आले असले पाहिजे. मग ते उतरले का नाहीत? या प्रश्नाचे उत्तर आंबेडकरांच्या हकीकतीतच आहे. रोज भाडे मारणारा टांगेवाला इतका अडाणी कसा, याचे त्यांना आश्चर्य वाटले. तो टांगेवालाच नव्हे हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. धोका माहीत नसता पत्करला असे होत नाही, आणि माहीत असला तरी माहिती म्हणजे संमती नव्हे. उलट तो ओरडणारा शिपाई वादीचा पहिला साक्षीदार ठरला असता.

उरली ती कठड्याविना असलेली फरशी. सार्वजनिक रस्ता वा पूल ज्याच्या ताब्यात असेल त्याने तो वाहतुकीस निर्धोक राखावा, ही अपेक्षा साधी आहे. पण त्या काळचे इंग्रजी वळणाचे न्यायाधीश एक भेद करीत. रस्ता खोदून उघडा टाकणे ही कसूर, पण कठडा न बांधणे हे नुसते न करणे, आणि न करण्याबद्दल संस्थेवर दावा चालणे दुरापास्त. पुढे ही भूमिका बरीच मवाळ झाली. दिल्लीच्या चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे दगावली, त्या प्रकरणी १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेस जबाबदार धरले. तशा चुन्याच्या इमारतीचे आयुष्य ४०-४५ वर्षांचे, आणि मनोरा ८० वर्षांचा झालेला होता. पालिकेने त्याची तपासणी करावयास हवी होती. असा मनोरा आपोआप पडत नाही, तो पडला यातच हयगयीचा पुरावा आहे, असे न्यायालयाने मानले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याहून पुढचे पाऊल टाकले. रस्त्यातील खड्डे व उघडी गटारे यांमुळे मृत्यू आल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना इजेच्या मानाने ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यावी, असा आदेश दिला.

टांगेवाल्यांच्या नकाराबद्दल मात्र भरपाईचा कायदा मूक राहिला असता, कारण भाडे नाकारणे म्हणजे हाड मोडणे नव्हे. त्याची दखल घ्यावयास १९५० ची राज्यघटना आणि पाठोपाठ १९५५ चा कायदा यावा लागला. सार्वजनिक वाहनाच्या वापरास अस्पृश्यतेच्या कारणाने आडकाठी करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे.

‘हाकणारा माझा नव्हे’ ही टांगेवाल्याची सबब पुढे एका फार मोठ्या प्रतिवादीनेही निराळ्या शब्दांत मांडली. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून गेले की औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, वाट लागते. तेथील सरकारी रुग्णालयात जुलै १९६३ मध्ये एका बाळंतिणीवर संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली. पोट दुखू लागले, ताप चढला. सहा दिवसांनी दुसऱ्या शल्यविशारदाने पोट उघडले तेव्हा पहिल्या वेळी आत राहिलेला टॉवेल निघाला. २४ जुलै रोजी ती दगावली. तिच्या पतीने व मुलांनी दावा लावला. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपये देवविले, उच्च न्यायालयाने ते रद्द केले. रुग्णालय चालविणे हे राज्याचे सार्वभौम कार्य असल्याने त्यावर दावा चालत नाही, असा सरकारचा पवित्रा होता. टॉवेल नेमका कोणाच्या हातून राहिला, हाही वाद होता. अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने प्रसिद्ध असलेल्या या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी १९९६ रोजी दिला. रुग्णालय चालविणे हे सार्वभौमत्वाचे कार्य नव्हे. आणि हयगय सरकारी नोकरांपैकी कोणाही एकाची असली तरी धनी या नात्याने राज्य बांधलेले आहे. ३६,००० रुपयांचा हुकूमनामा कायम झाला. मध्यंतरी ३३ वर्षे लोटली होती आणि ३६,००० रुपयांची किंमत काय उरली होती, हे ज्याचे त्याने ताडावे.

पुण्यातील एक खटलाही वकीलवर्गाच्या नित्य परिचयाचा आहे. ६ मे १९५३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्यास पुण्यास आणण्यात आले. हाड बसविताना पुरेशी भूल न देता जोर लावल्याने त्याला धक्का बसला व तो दगावला, असे न्यायालयांनी मानले. वादी पिता स्वतः वैद्यकीय व्यवसायात होता. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने ३,००० रुपयांची भरपाई कायम केली आणि वैद्याची कर्तव्ये तीन ठिकाणी सांगितली. रोगी हाती घ्यावा की नाही, कोणता उपचार द्यावा, आणि तो कसा द्यावा, या तिन्ही ठिकाणी वाजवी काळजी हवी. रोगी बरा झाला नाही वा उपचाराचा अंदाज चुकला, एवढ्याने वैद्य दोषी होत नाही. त्याच्या धंद्यातील साधारण कसबी माणसाने जे केले नसते ते त्याने केले काय, हे पाहिले जाते. टांगेवाल्याला लावलेली कसोटी ती हीच.

इतकी वर्षे खर्ची घालण्याची पाळी पुष्कळांवर आता येत नाही. १३ नोव्हेंबर १९९५ च्या निकालाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. काही रोग्यांकडून पैसे घेणाऱ्या रुग्णालयात फुकट उपचार घेणाराही त्यात मोडतो. सर्वांना सर्वस्वी फुकट सेवा देणारे रुग्णालय मात्र बाहेर राहते आणि तेथे दिवाणी न्यायालयाचीच पायरी चढावी लागते. चाळीसगावच्या कुटुंबास जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे स्वतः तक्रार नेता येते. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असल्यास जिल्हा आयोग ती ऐकतो, आणि तो ५ लाखांच्या आत असल्यास शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. खरी अडचण पुराव्याची असते. कसूर झाली हे दुसऱ्या जाणत्या वैद्याने लेखी सांगितले नाही, तर तक्रार बहुधा टिकत नाही. म्हणून रुग्णालयातील कागद आधी मिळवावे. २००२ च्या नियमांप्रमाणे रोग्याने मागणी केल्यापासून ७२ तासांत त्यांच्या नकला देणे वैद्यावर बंधनकारक आहे. मागणी लेखी करावी व तिची पोच घ्यावी.

पडझडीच्या वा रस्त्याच्या अपघातात पुरावा याहून लवकर नाहीसा होतो. खड्डा बुजतो, तुटलेला जिना दुरुस्त होतो, पाहणारे आपापल्या गावी जातात. जागेची छायाचित्रे, पंचनामा, पाहणाऱ्यांची नावे आणि पहिल्या दवाखान्यातील कागदावर लिहिलेले इजेचे कारण, ही त्याच दिवशी गोळा झाली तर उपयोग. त्या कागदावर नुसते ‘पडल्यामुळे’ असे असले आणि कोठे पडला हे नसले, तर पुढे वकिलास फार कष्ट पडतात. नगरपालिकेवर दावा आणावयाचा तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते व तेथील मुदत महिन्यांत मोजली जाते, म्हणून वकिलाची गाठ लवकर घ्यावी. औषधपाणी, बुडालेली कमाई, पुढे लागणारा खर्च आणि सोसलेल्या वेदना, या चारही बाबी भरपाईत धरता येतात. पहिल्या दोहोंना पावत्या व पगाराचा दाखला लागतो. माणूस दगावला असल्यास पती वा पत्नी, आईबाप व मुले यांच्यासाठी १८५५ च्या जीवघेण्या अपघातांच्या कायद्याखाली दावा लावता येतो, आणि त्याची मुदत मृत्यूच्या दिवसापासून दोन वर्षांनी संपते.