पासबुकात ४३६ रुपये कापलेत का, बघा

मामा बावन्नाव्या वर्षीच गेला. मामीपुढे पत्र्याची पेटी उघडली, तर त्यात रेशनकार्ड, विजेची जुनी बिलं, सातबाऱ्याचे उतारे. विम्याचा कागद एकही नाही. "ह्यांनी कधी काही सांगितलंच नाही," एवढंच ती म्हणत राहिली.

तेराव्यानंतर पासबुक चाळताना मे महिन्याच्या अखेरीस ४३६ रुपये वजा झाल्याची ओळ दिसली. हा प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेचा वर्षाचा हप्ता, म्हणजे २ लाखांचा विमा. शेजारी २० रुपयांची ओळ असेल, तर तो सुरक्षा विमा. अपघाती मृत्यूला आणखी २ लाख. बँकेच्या खिडकीवर मात्र मामीला सांगण्यात आलं, "पॉलिसी नंबर आणा." मला याचा अजून संताप येतो. या योजनेची मूळ पॉलिसी बँकेच्याच नावावर असते. खातेदाराकडे फार तर पोचपावती. विधवा बाईने नंबर आणायचा कुठून?

खरी अडचण इथेच आहे. पैशावरचा हक्क कायद्याने दिलाय. विमा कायद्याच्या कलम ३९ मध्ये २०१५ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून आई-वडील, नवरा किंवा बायको, मुलं यांपैकी कुणी नॉमिनी असेल, तर रक्कम त्यांच्या मालकीची होते. बाकीच्या नॉमिनींना ती वारसांसाठी सांभाळावी लागते. पण पॉलिसी आहे हेच ठाऊक नसेल, तर हक्क कशाच्या जोरावर मागणार? मृताच्या सगळ्या कंपन्यांमधल्या पॉलिसी वारसांना एकत्र दाखवणारी खिडकी आपल्याकडे नाही. शोध घरच्यांनाच घ्यावा लागतो.

पासबुकातले हप्ते, मोबाइलवरचे जुने मेसेज, आयकराचे कागद आधी बघावेत. नोकरदाराचा पीएफ कापला जात असेल, तर त्याला जोडूनच ७ लाखांपर्यंतचा विमा असतो. कामगाराच्या पगारातून त्यासाठी काही जात नाही, म्हणून घरात कुणाला पत्ताच नसतो. प्रत्येक विमा कंपनीच्या संकेतस्थळावर दावा न झालेल्या रकमा नाव, जन्मतारीख, पॅन यांवरून शोधता येतात. १० वर्षं पडून राहिलेला पैसा ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जातो, पण तिथूनही पुढची २५ वर्षं मागता येतो.

मृत्यूचा दाखला जोडून अर्ज लेखीच द्या आणि पोच घ्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर मुंबई आणि पुण्यात विमा लोकपाल आहेत. फी नाही, वकील लागत नाही.

मामीला पैसे मिळाले, सात महिन्यांनी.

घरातली पासबुकं काढा, मेचं पान बघा. लग्नाआधीच्या पॉलिसीवर अजून दिवंगत वडीलच नॉमिनी असतील, तर नाव बदलून घ्या. आणि पॉलिसींची यादी कुठे ठेवलीय, ते घरच्यांना आजच सांगा.