म्युनिकमधला आमचा रविवार

जर्मनीत रविवारी दुकानं बंद. स्टेशनांवरची मोजकी दुकानं आणि बेकऱ्या सोडल्या, तर किराणासुद्धा मिळत नाही. रविवारच्या विश्रांतीला इथे राज्यघटनेचंच संरक्षण आहे. म्हणून शनिवार आमचा धावपळीचा. मी भाजी आणते, नवरा प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या मशीनमध्ये टाकून बाटलीमागे 25 सेंटची अनामत सोडवून आणतो. (हा उत्साह भांडी घासताना कुठे जातो, कोण जाणे!) रविवारी मात्र डब्यात थालीपीठं भरून आम्ही थेट रेल्वेत. 2023 साली सुरू झालेलं ‘डॉइचलांड-टिकिट’ महिनाभर देशभरच्या लोकल, प्रादेशिक गाड्यांत चालतं. अगदी सीमेपलीकडच्या साल्झबुर्गपर्यंत. वेगवान आयसीईत मात्र नाही. तुम्ही इकडे आलात, तर दूध-ब्रेड शनिवारीच घेऊन ठेवा.