समान मजुरी आणि कामाचे माप

लकडगंजातील लाकडाचा व्यापारी असो वा त्याच्या पेढीवरील पगारदार कारकून, व्यवसाय कर दोघांच्याही परिचयाचा आहे. १९७५ च्या कायद्याने हा कर महाराष्ट्रात आला तो ग्रामीण भागातील रोजगार हमी योजनेसाठी निधी उभारण्याकरिता, याचे स्मरण मात्र आज फारसे कोणाला नाही. शहराच्या पैशातून खेड्यातील मजूर स्त्रीच्या पदरी काय पडले, हा प्रश्न म्हणूनच नागपूरकरांना परका मानता येणार नाही.

वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेली ही योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर विस्तारली. तिचा कायदा १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. या कामांवरील मजुरी खोदलेल्या मातीच्या व फोडलेल्या खडीच्या मापाने ठरे, आणि दर स्त्रीपुरुषांना एकच असे. मोजपट्टीला लिंगभेद कळत नाही, हेच या योजनेचे मोठे सामाजिक यश होय.

शेतीत मात्र चित्र पालटते. भंडाऱ्याकडील धानाच्या बांधीत दिवसभर कंबरेत वाकून रोवणी करतात त्या प्रामुख्याने स्त्रियाच. कापसाच्या पट्ट्यात निंदण आणि वेचणी त्यांच्याच वाट्याला येते. वखरणी, डवरणी, फवारणी ही पुरुषांची कामे. स्त्रीच्या कामाला आधी 'हलके' ठरवावयाचे आणि मग हलके म्हणून मजुरी कमी द्यावयाची, असा हा उलटा हिशेब आहे.

कायदा अडखळतो तो येथेच. समान वेतनाचे तत्त्व राज्यघटनेच्या ३९ व्या अनुच्छेदात आहे. १९७६ च्या समान वेतन कायद्याने ते बंधनकारक झाले, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेने घेतली. परंतु संरक्षण आहे ते 'त्याच किंवा समान स्वरूपाच्या' कामाला. रोवणीच्या बांधीत पुरुष मजूरच नसेल, तर तुलना करावयाची कोणाशी?

कोरडवाहू शेतकऱ्याला वाढीव मजुरी परवडत नाही, हा आक्षेप खोटा नव्हे. परंतु त्याच शेतकऱ्याला पुरुषाची मजुरी द्यावीच लागते. काटकसर तेवढी स्त्रीच्या मजुरीत होते. शेतमालाच्या भावाचा प्रश्न शासनाने सोडवावयाचा आहे, तो मजूर स्त्रीच्या पोटातून सुटणे न्याय्य नाही.

म्हणून श्रम, कौशल्य आणि वेळ मोजून रोवणी-निंदणाचे दर ठरविले पाहिजेत व ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजेत. हमीचे कामही हंगामाच्या आगेमागे गावात उपलब्ध हवे. कारण दुसरे काम हाताशी असलेली स्त्रीच कमी मजुरी नाकारू शकते. नकाराचे हे बळ तिला मिळत नाही तोवर समान वेतन कायद्याच्या पुस्तकातच राहील.