जमिनीचा पासंग

स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन वस्तू मांडल्या. एक बायकोची सोन्याची अंगठी, दुसरी थंड पेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी. नव्या मेटल डिटेक्टरची तबकडी, म्हणजे कॉइल, एकीवरून फिरवली, मग दुसरीवरून. दोन्ही वेळा तोच सूर, पडद्यावरचा आकडाही जवळपास तोच.

"म्हणजे इतकी वर्षं मी डब्याची कडीच घालून हिंडतेय म्हणा की," बायको म्हणाली आणि अंगठी उचलून घेतली. "आणि हे बघा, ही मातीत पुरून बघायचं डोक्यात असेल, तर आत्ताच विसरा."

पण यंत्र खोटं बोलत नव्हतं. त्याला सोनं कळतच नाही. तबकडीत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. पहिल्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह वाहतो आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरतं. वाटेत धातू भेटला की त्याच्या अंगात विजेचे चिमुकले भोवरे उठतात. त्या भोवऱ्यांचं स्वतःचं क्षीण क्षेत्र दुसऱ्या वेटोळ्यापर्यंत पोचतं, ते जरासं उशिरा. जाड चांदीतले भोवरे रेंगाळतात, चॉकलेटच्या चांदीतले चटकन विरतात. यंत्र मोजतं तो हा उशीर. बारीक अंगठी आणि रुंद कडी यांचा उशीर सारखा भरला, एवढंच घडलं होतं.

गंमत पुढेच आहे. ही दोन वेटोळी अशी बसवलेली असतात, की आसपास धातू नसेल तेव्हा पहिल्याचा आवाज दुसऱ्याला ऐकूच येऊ नये. दोन्ही पारडी समान. धातू आला की काटा हलतो. म्हणजे हातात काठी दिसली तरी हा तराजूच.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलनं १८८१मध्ये असाच तराजू एका माणसाच्या देहावर धरला होता. २ जुलैला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी पाठीत शिरून आतच राहिली. क्ष-किरण सापडायला अजून चौदा वर्षं होती. बेल आपलं यंत्र घेऊन आला, कानाला टेलिफोनचा रिसीव्हर लावून दोनदा शोध घेतला, आणि हाती काहीच लागलं नाही. गादीतल्या पोलादी तारा आवाजात कालवाकालव करत होत्या. शिवाय गोळी उजवीकडेच आहे अशी डॉक्टरांची खात्री, त्यामुळे शोधही तिकडेच. १९ सप्टेंबरला गारफील्ड गेले. शवविच्छेदनात गोळी डावीकडे निघाली.

नवं यंत्र हाती आलं की पहिलं काम म्हणूनच शोधायचं नसतं. तराजूचा पासंग काढायचा असतो. याला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. धातू नसलेली जागा पाहून तबकडी खाली-वर, खाली-वर करायची, आणि जमिनीजवळ जाताना नि दूर होताना सूर एकसारखा येईपर्यंत सेटिंग हलवायचं. मातीतही लोहखनिज असतं, तिचा स्वतःचा हुंकार असतो. लहानपणी ओढ्याच्या वाळूतून लोहचुंबक फिरवून आपण काळे कण गोळा करायचो ना, तेच ते मॅग्नेटाइट, सह्याद्रीच्या काळ्या कातळातून झिजून आलेलं. तिथल्या जमिनीवर पासंग न काढता यंत्र चालवलं, तर दगडच खजिना वाटू लागतील.

सेन्सिटिव्हिटीचं थोडक्यात सांगतो: शेवटपर्यंत वाढवू नका. विजेच्या तारांजवळ यंत्र उगाच बडबडू लागतं आणि खरा आवाज त्यात बुडतो.

डिस्क्रिमिनेशन मात्र मोहात पाडतं. हे आकडे ऐकवू नकोस, असं यंत्राला सांगता येतं. कड्या गप्प केल्या की बागेत शांतता पसरते, पण त्याच आकड्यावरची अंगठीही गप्प होते. लोखंड गप्प केलं, तर खिळ्याला खेटून पडलेलं नाणं कित्येकदा ऐकूच येत नाही.

सर्वांत जास्त वेळ गेला पिनपॉइंट शिकण्यात. एरवी यंत्र फक्त बदल ऐकतं. तबकडी थांबली की तेही थांबतं. पिनपॉइंटचं बटण दाबून धरलं की तबकडी स्थिर असतानाही ते बोलत राहतं, आणि वस्तू जितकी जवळ तितका आवाज मोठा. मी आजीचा चांदीचा रुपया दोऱ्याला बांधून (हरवला तर घरात घेतलं नसतं) वीतभर खोल पुरला. डावीकडून उजवीकडे गेलो, जिथे आवाज टिपेला गेला ती रेषा मनात धरली. मग काटकोनात वळून पुन्हा. दोन रेषा छेदतात तिथे खुरपं घातलं, तर दोरा चार बोटं पुढे! माझ्या तबकडीत इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी पाठीला पाठ लावून बसवली आहेत, त्यामुळे तिचा कान मध्यभागी एका बिंदूत नसतो, पुढून मागे पट्टीसारखा पसरलेला असतो. त्यावर उपाय असा: आवाज चालू ठेवून तबकडी हळूहळू मागे ओढायची. आवाज जिथे तुटतो, तिथे वस्तू तबकडीच्या नाकासमोर असते. तिसऱ्या खेपेला खुरप्याखाली दोराच आला.

बागेबाहेर शोधायचं, तर कायदाही पाहावा लागतो. आम्ही राहतो त्या इंग्लंडात शेतमालकाची परवानगी घेऊन शोधता येतं. भारतात जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचं काही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला सांगणारा कायदा आहे, १८७८चा. दहा रुपये तेव्हाचे, आकडा तोच!

इंग्लंडातल्याच सफोकमधल्या हॉक्सन गावी १९९२च्या नोव्हेंबरात एरिक लॉज एका शेतकरी मित्राची हरवलेली हातोडी शोधायला यंत्र घेऊन निघाले. सापडली रोमन काळातली सोन्याचांदीची नाणी. थोडंसं उकरल्यावर त्यांनी हात आवरला आणि कळवलं. म्हणून पुरातत्त्वज्ञांना उरलेला ठेवा जसा पुरला होता तसा पाहता आला. नाणी जवळजवळ १५,००० निघाली. हातोडीही मिळाली, आणि तीसुद्धा आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

हातोडी शोधायची तर लोखंड गप्प करून कसं चालेल? मीही एका संध्याकाळी सगळे आकडे पुन्हा चालू केले. अंधार पडेपर्यंत बागेतून अकरा खिळे आणि एक बिजागरी निघाली. बायकोनं ती बिजागरी धुऊन खिडकीत ठेवली आहे.