स्वस्त हत्यार महाग कां पडतें ?

गेल्या वैशाखांत आमच्या मळ्यांतील बांधदुरुस्तीचें काम चालू होतें. त्याकरितां आम्हीं तालुक्याच्या आठवडे बाजारांतून दोन कुदळी आणल्या. निळा चकचकीत रंग, बाजारांत सर्वांत कमी भाव, आणि दुकानदारानें दांडेहि फुकट घालून दिलेले. त्यामुळें सौदा साधला अशा समजुतीनें आम्ही घरीं परतलों. तिसऱ्या दिवशीं मुरमांत घाव बसतांच एका कुदळीचें नेढें, म्हणजे दांडा बसविण्याचें भोंक, सांध्यावर उकललें. कुदळ निसटली आणि समोर माती भरीत असलेल्या गड्याच्या नडगीवर आदळली. जखमेस सहा टांके घालावे लागले व गडी पंधरा दिवस घरीं बसला. औषधपाणी व मजुरी आम्हीं दिली. तें कर्तव्यच होतें. परंतु चूक आमची आणि वेदना त्याच्या, ही गोष्ट मनांतून जात नाहीं.

महसूल खात्यांत तीस वर्षें कारकुनी केल्यामुळें बारीकसारीक खर्चहि नोंदण्याची आम्हांस संवय आहे. त्या कुदळीच्या खातीं पडलेल्या रकमांची बेरीज केली, तेव्हां तेवढ्यांत उत्तम प्रतीच्या दहा कुदळी आल्या असत्या असें दिसून आलें. त्यानंतर लोहारांच्या भात्यापाशीं बसून व जाणत्या शेतकऱ्यांस विचारून हत्याराच्या पारखीविषयीं जें शिकलों, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम हिशेब पाहूं. हत्याराची किंमत बाजारांत अर्धीच चुकती होते. उरलेली शेतांत द्यावी लागते. विळ्याची धार दर अर्ध्या तासानें जात असेल व ती लावण्यास पांच मिनिटें लागत असतील, तर आठ तासांच्या रोजांत ८० मिनिटें, म्हणजे रोजाचा सहावा हिस्सा, दगडावर घासण्यांत जातो. रोज ३०० रुपये धरला तर माणशी ५० रुपये दररोज गेले. आणि हा खर्च कोणाच्याहि वहींत दिसत नाहीं. चांगल्या विळ्यानें यांतील अर्धाच वेळ वांचविला, तरी दोन विळ्यांच्या किमतींतील १०० रुपयांचा फरक चार दिवसांत भरून निघतो.

आतां लोखंडाविषयीं. साध्या मऊ लोखंडांत कर्बाचें प्रमाण शेंकडा पाव भागाहून कमी असतें; धार धरणाऱ्या पोलादांत तें सामान्यतः शेंकडा अर्ध्यापासून एक भागापर्यंत असतें. असें पोलाद लाल तापवून पाण्यांत किंवा तेलांत बुडविलें म्हणजे कठीण होतें; परंतु त्याच वेळीं ठिसूळहि होतें, म्हणून तें पुन्हां बेतानें तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवावा लागतो. लोहार ज्यास पाणी देणें म्हणतात, त्याचें मर्म हेंच होय. मऊ लोखंडास कितीहि पाणी दिलें तरी तें धार धरीत नाहीं, आणि पोलादास चुकीचें पाणी बसलें तर धार दांतासारखी तुटते. आपल्याकडील लोहार मालमोटारीच्या जुन्या पाट्यांचें पोलाद वापरतात. तें चांगलें असतें. मात्र वापरून थकलेल्या पाट्यास बारीक चिरा असूं शकतात, त्या तापविण्यापूर्वीं पाहून घ्याव्या.

बाजारांत पारख कशी करावी ? पहिली गोष्ट, रंगास भुलूं नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ सालीं लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमीन नासते या समजुतीमुळें त्यास लवकर गिऱ्हाईक मिळेना. आपले पूर्वज नव्या लोखंडास उगाच भीत होते. आपण मात्र नव्या रंगावर उगाच विश्वास टाकतों. रंगाखालीं सांधा, भेग व भरलेला खड्डा लपतो. म्हणून नेढ्याच्या आंतील बाजू बोटानें चांचपून पाहावी. नेढें अखंड घडविलेलें असावें. पट्टी वळवून वरवर जोडलेलें असल्यास ती कुदळ खालीं ठेवावी. आम्हीं हें केलें असतें तर गड्याचा पाय वांचला असता.

दुसरी परीक्षा नादाची. दांडा नसलेली कुदळ किंवा कुऱ्हाड दोरीस टांगून तीवर दगडानें हलकेंच वाजवावें. स्वच्छ व लांबणारा नाद आला तर धातु बहुधा अखंड आहे. बद्द आवाज आला तर भेगेचा संशय घ्यावा.

तिसरी परीक्षा कानशीची, आणि आमच्या मतें हीच सर्वांत भरंवशाची. लहान कानस पिशवींत ठेवावी व दुकानदाराच्या संमतीनें धारेजवळ एकदां चालवून पाहावी. कानस सहज रुतून लोखंडाचा कीस पडूं लागला तर तें मऊ. कांचेवरून सरकावी तशी घसरली तर फार कठीण व तुटण्याजोगें. आणि जोर लावल्यावर थोडीशीच धरली तर पाणी बेताचें बसलें आहे असें समजावें. दुकानांत फिरता सहाणदगड असेल तर ठिणग्याहि पाहाव्या. पोलादाच्या ठिणग्या फुलबाजीप्रमाणें फुटतात, मऊ लोखंडाच्या लांब व सरळ जातात.

विळ्याचें टोंक लांकडावर टेकवून किंचित् वांकवावें. सोडतांच तें पूर्ववत् झालें पाहिजे. दातेरी विळ्यास वारंवार धार लावावी लागत नाहीं. मात्र त्याचे झिजलेले दांते साध्या दगडावर घासून परत येत नाहींत, हें लक्षांत ठेवून तो घ्यावा.

खुरप्याविषयीं एक गोष्ट मुद्दाम लिहितों. खुरपणी बहुधा बायका करतात, आणि खुरपीं बहुधा पुरुष विकत आणतात. मूठ जाड, खरबरीत किंवा सैल असली तर हातास फोड येतात व काम मंदावतें. खुरपें घेतांना घरच्या बाईमाणसास किंवा मजूर बाईस बरोबर नेऊन तिच्या हातांत देऊन पाहावें. तिचें मत दुकानदाराच्या मतापेक्षां अधिक मोलाचें आहे.

दांडा बाभळीचा किंवा धावड्याचा, सुकलेला व बिनगांठीचा असावा. फावड्यास भरीव वेळूहि चालतो. लांकडाच्या रेषा या टोंकापासून त्या टोंकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत. आडव्या तुटल्या असतील तर दांडा तेथेंच मोडेल. कुदळीचा दांडा वरच्या टोंकास जाड ठेवून वरून खालीं घालावा, म्हणजे प्रत्येक घावाबरोबर तो घट्ट होतो. सैल दांडा पाण्यांत भिजत घालण्याची रीत मात्र खोटी होय. लांकूड त्या दिवसापुरतें फुगतें व वाळल्यावर पूर्वींपेक्षांहि सैल होतें.

कांहीं कारखानी हत्यारांवर आयएसआयची खूण असते. १९४७ सालीं स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेची ही खूण असून १९८७ पासून तें काम भारतीय मानक ब्यूरोकडे आहे. खुणेबरोबर परवान्याचा क्रमांक छापलेला असतो, व तो ब्यूरोच्या मोबाइलवरील बीआयएस केअर या सोयींत घालून पडताळतां येतो. गांवच्या लोहाराच्या मालावर ही खूण मिळणार नाहीं; पण त्याची खूण म्हणजे तो स्वतः. हत्यार बिघडलें तर त्याचें दार आपणांस ठाऊक असतें.

काटकसर करूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. ती योग्य ठिकाणीं करावी. नुसतें लोखंड विकत घेऊन दांडा घरच्या बाभळीचा घालावा. वडिलांच्या वेळची कुदळ झिजली असली तरी टाकूं नये. लोहाराकडून तिच्या टोंकास पोलाद जोडून घ्यावें. दहापांच शेतकऱ्यांनीं एकत्र मागणी केल्यास लोहारहि पाटा निवडून आणतो व भावांत सवलत देतो. पण नेढें, पोलाद आणि दांडा या तीन ठिकाणीं पैसा वांचवूं नये. कारण तो पैसा दुसऱ्याच्या अंगावरून वांचविलेला असतो.

पाय बरा झाल्यावर तो गडी पुन्हां कामास आला. नवी कुदळ घेण्यास आम्हीं त्यालाच बरोबर नेलें. त्यानें आठ कुदळी हातांत घेतल्या, वाजविल्या, सात परत ठेवल्या. आणि आठवीचा भाव आम्हीं घासाघीस न करतां दिला. वाचकांचे याविषयीं कांहीं निराळे अनुभव असतील तर त्यांनीं ते या मासिकाकडे अवश्य लिहून पाठवावे, म्हणजे सर्वांस त्यांचा उपयोग होईल.