कवडशातलं सोनं

१९०३ साली 'आनालेन डेर फिजीक' या जर्मन नियतकालिकात छापून आलेल्या एका शोधनिबंधाचा नाद मला बरीच वर्षं आहे. हेन्री झीडेनटोप्फ आणि रिचर्ड झिग्मोंडी हे त्याचे लेखक. माणकासारख्या लाल काचेत दडलेले सोन्याचे कण डोळ्यांना कसे दाखवायचे आणि त्यांचं आकारमान कसं काढायचं, हा त्याचा विषय.

प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून कमी अंतरावरच्या दोन वस्तू सूक्ष्मदर्शकातून सुट्या दिसणार नाहीत, हे भौतिकशास्त्रज्ञ आबेने १८७३ मध्येच सांगून ठेवलं होतं. ही मर्यादा सुमारे २०० नॅनोमीटरची, आणि काचेतले कण तर तिच्याहून कितीतरी लहान. झिग्मोंडीने येना इथल्या शॉट काचकारखान्यातली नोकरी १९०० साली सोडली, पण सोन्याचा ध्यास सुटला नाही. झीडेनटोप्फ त्याच गावात, झाइस कंपनीत भौतिकशास्त्रज्ञ होता.

दोघांनी मिळून प्रकाशाची वाट बदलली. अरुंद फटीतून आलेला प्रखर झोत काचेत बाजूने, काटकोनात सोडला. सरळ प्रकाश डोळ्यांपर्यंत पोचेना. पोचला तो फक्त कणांवरून विखुरलेला. कवडशात धूळ चमकावी तसे काळोखात ठिपके उजळले. ठिपक्यावरून कणाचा आकार कळत नाही, तो तिथे आहे एवढंच कळतं. आबेचा नियम शाबूत राहिला आणि तरीही कण दिसले!

मग मोजमाप कसं केलं? मला तर हाच भाग सर्वांत देखणा वाटतो. काचेत सोनं किती आहे ते ठाऊक होतं. ठरावीक घनफळातले ठिपके मोजले की भागाकाराने एका कणाचं वस्तुमान निघतं, घनतेवरून त्याचं घनफळ आणि घनमुळावरून लांबी. व्यास निम्मा झाला की विखुरलेला प्रकाश ६४ पटींनी घटतो. म्हणून अगदी बारीक, काही नॅनोमीटरच्या कणांसाठी त्यांना थेट सूर्याचंच ऊन लागलं.

काळ्या पार्श्वभूमीवर पाहण्याची ही रीत जिवंत पेशींनाही मानवली. रंग चढवताना पेशी बहुधा मरते. इथे रंगाची गरजच नाही. १९०६ साली व्हिएन्नात लांडश्टायनर आणि मुखा यांनी उपदंशाचे सळसळते जिवंत जंतू असेच पाहिले. झीडेनटोप्फने पुढे अशा निरीक्षणासाठी कार्डिऑइड कंडेन्सर हा प्रकाश एकवटणारा भाग घडवला. आज पेशीत शिरलेले सोन्याचे नॅनोकण पाहणारे संशोधकही याच रीतीने पाहतात.

१९२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या झिग्मोंडीला मिळालं. कलिलांवरचं, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या अशाच सूक्ष्म कणांवरचं, त्याचं काम थोर होतं, यात शंका नाही. पण त्या मानपत्रात त्याने वापरलेल्या पद्धतींचाही गौरव आहे, आणि त्यांतली सर्वांत मोठी पद्धत दोघांची होती. १९०३ च्या निबंधावर पहिलं नाव झीडेनटोप्फचं आहे. पुरस्कारात त्याचा वाटा असायलाच हवा होता.