कोंबड्यांचा रोग साधा की जहाल, हे कसं ओळखतात?



बर्ड फ्लूची बातमी आली की नवलाख उंबऱ्यात काय आणि आणखी कुठे काय, आपला पहिला प्रश्न एकच असतो. मेल्या त्या मेल्या, पण चांगल्या कोंबड्या का मारायच्या? आज त्याचं उत्तर पाहू.

जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात, बचत गटाच्या पोल्ट्रीत दोन दिवसांत सुमारे ८०० कोंबड्या दगावल्या. तपासणीत बर्ड फ्लू निघाला आणि एक किलोमीटरच्या आतल्या कोंबड्या माराव्या लागल्या.

पण प्रत्येक बर्ड फ्लू असा नसतो. एच९एन२ नावाचा प्रकार सौम्य आहे. अंडी घटतात, कोंबड्या शिंकतात, पण बहुतेक वाचतात. एच५एन१ चा जहाल प्रकार मात्र दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं करतो. त्यात मानमोडीची लक्षणंही अशीच. नुसतं बघून काय कळणार?

पूर्वी हा विषाणू दहा कोंबड्यांना टोचून दहा दिवस वाट पाहत. तोवर रोग पुढच्या गावात! आता विषाणूची अक्षरंच वाचतात. त्याच्या पोटात साडेतेरा हजारांच्या आसपास अक्षरांची एक चिठ्ठी असते. तिचे आठ तुकडे असतात. त्यातली एक छोटी जागा जहालपणा सांगते.

ती अशी. विषाणूच्या अंगावरचं एक प्रथिन कापलं गेल्याशिवाय त्याला रोग पसरवता येत नाही. कापणारी कात्री त्याच्याकडे नसते, ती कोंबडीच्या शरीरात असते. सौम्य विषाणूला चालणारी कात्री फक्त श्वासनलिकेत आणि आतड्यात मिळते, म्हणून तो तिथेच राहतो. जहाल विषाणूच्या कापायच्या जागी काही जादा अक्षरं असतात. त्यामुळे त्याला काळीज, मेंदू, कुठलीही कात्री चालते. सगळं शरीरच पोखरलं जातं.

२००६ मध्ये नंदुरबारच्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. त्या विषाणूची पूर्ण चिठ्ठी आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने वाचली. तिच्यात ही जहाल खूण होती.

अशी खूण सापडली की थांबायला वेळ नसतो. आज चांगली दिसणारी कोंबडी उद्या रोग वाटू शकते, म्हणून ती मारतात. मात्र ही खूण कोंबड्यांपुरतीच बोलते. तोच विषाणू अंगात असून बदक ठणठणीत दिसू शकतं. माणसाला धोका किती, तेही वेगळं तपासावं लागतं.

आणि सयांनो, नमुनाच गेला नाही तर चिठ्ठी वाचणार कोण? एकदम दोन-चार कोंबड्या मेल्या, तुरा निळा पडला, तर लपवू नका. मेलेली कोंबडी ओढ्यात टाकू नका, उघड्या हातांनी धरू नका, उरलेल्या घाईने विकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा किंवा १९६२ वर फोन करा. नमुना पुण्यात औंधच्या प्रयोगशाळेमार्फत भोपाळला जातो.

आणखी एक ध्यानात ठेवा. सरकारी भरपाई मिळते ती पथकाने मारलेल्या कोंबड्यांची. आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे उशीर केला तर कोंबडीही जाते आणि पैसाही.